नावाला अर्थ कोण देते?

दरवर्षी जून महिन्यात आपल्या निवासी शाळेत नवे विद्यार्थी दाखल होतात. पत्र्याची पेटी आणि अंथरुणाची वळकटी घेऊन आलेले मूल वडिलांच्या मागे उभे असते आणि प्रवेश अर्जाचा पहिला रकाना भरला जातो : विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव. हा रकाना भरताना मी अनेकदा थांबतो. या तीन शब्दांत या मुलाविषयी नेमके काय सांगितले जाते? नाव म्हणजे केवळ हजेरीपटावरील खूण, की त्याहून अधिक काही? आणि अधिक असेल, तर ते त्यात कोणी घातले?

तत्त्वज्ञानात हा प्रश्न फार जुना आहे. भारतात त्यावर दोन हजार वर्षांहून अधिक काळ वाद झाला. युरोपात गेल्या दोन शतकांत त्यावर ग्रंथ लिहिले गेले. मात्र हा केवळ पंडितांचा विषय नाही. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव संमत केला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळे यांच्यासारख्यांचे बळी गेले. नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी १९९३ मध्ये आत्मदहन केले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. एका नावासाठी जवळजवळ सोळा वर्षांचा संघर्ष! नाव जर निव्वळ खूण असेल, तर माणसे त्यासाठी प्राण का देतात, आणि दुसरी माणसे त्यासाठी घरे का जाळतात? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

नाव म्हणजे केवळ खूण?

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात असे मत मांडले की, विशेषनाम वस्तूकडे बोट दाखवते. वस्तूचा कोणताही गुण सांगत नाही. डार्टमथ हे गाव डार्ट नदीच्या मुखाशी आहे म्हणून त्याला ते नाव पडले. पण उद्या नदीने पात्र बदलले, तरी गावाचे नाव चुकीचे ठरणार नाही.

आपल्या परिसरात याची उदाहरणे विपुल आहेत. कुरकुंभ या नावात 'कुंभ' आहे. परंतु एसटीचे तिकीट मागणाऱ्या प्रवाशाला कोणता कुंभ, कोणाचा कुंभ, हे ठाऊक असण्याची गरज नसते. दौंड शहरात रेल्वेखालून जाणाऱ्या वाटेला 'कुरकुंभ मोरी' म्हणतात. ती कुरकुंभात नाही, तरी दौंडचा माणूस ते नाव ऐकून चुकत नाही. 'एमआयडीसी' हे तर मुळात एका महामंडळाचे नाव. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले. आज मात्र आपल्याकडे 'तो एमआयडीसीत कामाला आहे' असे म्हटले की ऐकणाऱ्याला महामंडळाचे कार्यालय आठवत नाही; रासायनिक कारखान्यांची रांग आठवते. शब्दाच्या पोटात जे लिहिले आहे आणि शब्द ज्याच्याकडे बोट दाखवतो, ते एकच असेल असे नाही.

या विचाराचे सामाजिक महत्त्व मोठे आहे. बाबासाहेबांच्या 'हू वेअर द शूद्राज?' (१९४६) या ग्रंथात 'शूद्र' शब्दाच्या पारंपरिक व्युत्पत्तींची चिकित्सा आहे. शोक करणारा, धावणारा अशा अर्थांच्या धातूंपासून हा शब्द ओढूनताणून साधला गेला होता. जणू हीनता नावातच कोरलेली होती. बाबासाहेबांनी या व्युत्पत्ती कपोलकल्पित ठरवल्या आणि 'शूद्र' हे मुळात एका जनसमूहाचे विशेषनाम होते, असे प्रतिपादन केले. याचा मथितार्थ स्पष्ट आहे : व्युत्पत्ती हा पुरावा नव्हे. नावाची फोड करून माणसाची लायकी ठरवता येत नाही. येथे मिल यांचे म्हणणे आपल्या बाजूने उभे राहते.

माणूस एक, हाका अनेक

तरीही मिल यांचे उत्तर पुरे पडत नाही. जर्मन गणिती व तत्त्वज्ञ गॉटलोब फ्रेगे यांनी १८९२ मध्ये त्यातील उणीव दाखवली. पहाटेचा तेजस्वी तारा आणि सायंकाळचा तेजस्वी तारा हे दोन्ही म्हणजे शुक्र ग्रहच. नावे दोन, वस्तू एक. पण 'पहाटतारा म्हणजे पहाटतारा' या वाक्यातून काहीच कळत नाही, आणि 'पहाटतारा म्हणजेच सांजतारा' या वाक्यातून खगोलाचे नवे ज्ञान मिळते. म्हणून फ्रेगे यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या : नाव ज्या वस्तूकडे निर्देश करते ती वस्तू, आणि ती वस्तू ज्या रीतीने आपल्यासमोर येते ती रीत.

मराठी खेड्यातील माणसाला हा भेद समजावून सांगण्यासाठी आकाशात पाहण्याची गरज नाही. एखाद्याचे नाव सखाराम आहे असे समजा. त्यालाच कोणी सखारामपंत म्हणेल, कोणी सखारामजी, कोणी सखाराम तात्या, आणि कोणी सख्या. निर्देश एकाच माणसाकडे. पण प्रत्येक हाकेत तो वेगळ्या पायरीवर उभा केला जातो. माझ्या आजोबांना गावातील पोरसवदा मुलेही 'या'कारान्त नावानेच हाक मारीत, आणि पांढऱ्या मिशांच्या आजोबांनी त्या मुलांना आदरार्थी बोलायचे, असा रिवाज होता. आजोबा लिहायला शिकले नव्हते, पण नावाच्या शेवटच्या एका अक्षरात काय दडलेले असते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

हा निव्वळ खेड्यातील अडाणीपणा नव्हता. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचा नियमच आहे : ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे नाव मात्र जुगुप्सा व्यक्त करणारे असावे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक सावधगिरी येथे नोंदवली पाहिजे. महाराष्ट्रात दगडू, धोंडू, कचरू अशी नावे मूल जगावे, त्याला दृष्ट लागू नये म्हणून अनेक जातींत ठेवली जात. प्रत्येक 'कचरू'मागे मनूच उभा होता असे म्हणता येणार नाही. परंतु एका वर्गाने हौसेने वा भीतीने ठेवलेले नाव आणि दुसऱ्या वर्गाला धर्मनियम म्हणून ठरवून दिलेले नाव, यांत फरक आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला, त्यात माणसाच्या नावावरही पहारा बसवलेला होता, हे विसरता कामा नये.

नावाची साखळी

अमेरिकन तत्त्वज्ञ सॉल क्रिपकी यांनी १९७० मधील आपल्या व्याख्यानांत आणखी एक पाऊल पुढे टाकले. नाव माणसाला चिकटते कसे? त्यांचे उत्तर थोडक्यात असे : एकदा नाव ठेवले जाते, मग ते एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाते. या अखंड साखळीतील प्रत्येक जण आधीच्याने ज्याच्यासाठी नाव वापरले त्याच्याचसाठी ते वापरतो. त्या व्यक्तीविषयी आपल्याला फारशी माहिती नसली, किंवा असलेली माहिती चुकीची असली, तरी साखळीमुळे नाव नेमके त्याच व्यक्तीपर्यंत पोहोचते.

आपल्या दृष्टीने अत्यंत मोलाची अशी एक साखळी साताऱ्यात सुरू झाली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील सरकारी हायस्कूलमध्ये, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, एका मुलाचे नाव दाखल झाले : भिवा रामजी आंबेडकर. घराण्याचे आडनाव सकपाळ. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. गावाच्या नावाला 'कर' जोडून आडनाव करणे ही महाराष्ट्राची सर्वसामान्य पद्धत. आज जगभर कोट्यवधी लोक 'आंबेडकर' म्हणतात तेव्हा त्यांना आंबडवे गाव नकाशावर दाखवता येईलच असे नाही. तरीही नाव त्या एका महामानवापर्यंत अचूक पोहोचते. महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करण्याचे ठरवले. एका शाळेच्या रजिस्टरातील एका ओळीला मिळालेला हा मान आहे. आपल्या शाळेच्या रजिस्टरातील ओळींकडेही याच नजरेने पाहिले पाहिजे.

दुसरी साखळी दगडात आहे आणि ती आपल्या शिरूर-दौंडच्या उंबरठ्यावर आहे. शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमाजवळ, नदीपलीकडे पेरणे गावच्या हद्दीत विजयस्तंभ उभा आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या सैनिकांची नावे त्यावर कोरलेली आहेत. त्यांपैकी बावीस नावांच्या शेवटी 'नाक' हा प्रत्यय येतो, आणि त्यावरूनच हे सैनिक महार होते हे ओळखले जाते. येथे जरा थांबून विचार करावा. गावात ज्यांची नावे 'या' लावून तोडली जात, त्यांचीच नावे या दगडावर पूर्ण, 'नाक' प्रत्ययासह, कायमची कोरली गेली. स्तंभ उभारणाऱ्या कंपनी सरकारला अस्पृश्यांचा गौरव करायचा नव्हता. आपल्या विजयाची निशाणी उभी करायची होती. परंतु १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी तेथे जाऊन अभिवादन केले, आणि त्या नावांना नवे वाचक मिळाले. अक्षरे तीच, दगड तोच. अर्थ मात्र बदलला. साखळी नाव पोहोचवते. पण पोहोचलेल्या नावाचे काय करायचे, हे वाचणारे ठरवतात.

जन्मसिद्ध की संकेतसिद्ध?

आता आपल्या भूमीतील वादाकडे वळू. मीमांसक परंपरेत जैमिनींच्या सूत्रांनी असे प्रतिपादन केले की शब्द आणि अर्थ यांचा संबंध 'औत्पत्तिक' आहे. म्हणजे तो कोणी निर्माण केलेला नाही, तो नित्य आहे. वेद अपौरुषेय ठरवण्यासाठी ही भूमिका आवश्यक होती. बौद्धांनी ती नाकारली. शब्दाचा अर्थ हा संकेताने, म्हणजे माणसांच्या आपसातील व्यवहाराने ठरतो, असे त्यांचे म्हणणे.

तथागतांच्या उपदेशात या विचाराचे बीज आहे. मज्झिम निकायातील अरणविभंग सुत्तात ते सांगतात की, एकाच भांड्याला कोणत्या जनपदात 'पाति' म्हणतात, कोठे 'पत्त', कोठे 'सराव'. भिक्खूने आपल्याच प्रदेशातील शब्द खरा आणि बाकीचे खोटे असा हट्ट धरू नये. आपल्या भोजनगृहात हा प्रसंग रोज घडतो. पुणे जिल्ह्यातील मूल 'कालवण' मागते, सोलापूरकडचे 'कोरड्यास' म्हणते, आणि वाढणारा दोघांच्याही ताटात एकाच पातेल्यातून वाढतो!

भांड्याच्या बाबतीत जे खरे, तेच माणसाच्या बाबतीत. वासेट्ठ सुत्तात दोन तरुण ब्राह्मण विचारतात : माणूस जन्माने ब्राह्मण होतो की कर्माने? तथागत उत्तर देतात की गवत, झाडे, कीटक, पशू, पक्षी यांच्यात जातीजातीचे भेद दाखवणारी शारीरिक लक्षणे असतात. माणसामाणसांत तशी लक्षणे नाहीत. माणसांमधील भेद हा नावाने केलेला भेद आहे, आणि नाव व गोत्र ही लोकव्यवहारात कल्पिलेली संज्ञा आहे. जो शेती करतो तो शेतकरी, जो व्यापार करतो तो व्यापारी. हे उत्तर भाषेविषयी आहे आणि समाजाविषयीही. शब्दाचा अर्थ नित्य मानला, तर 'शूद्र' या शब्दाबरोबर शूद्रत्वही नित्य होते. शब्द माणसांनी ठरवला असे मानले, तर तो माणसांना बदलताही येतो.

मिलिंदपञ्ह या ग्रंथात हा विचार अधिक खोल जातो. राजा मिलिंद भदन्त नागसेनांना नाव विचारतो. ते म्हणतात, लोक मला नागसेन म्हणतात. पण ती केवळ व्यवहारातील संज्ञा आहे, तिच्यामागे कोणी नित्य पुरुष सापडत नाही. राजा चकित होतो. मग नागसेन त्याच्या रथाची चौकशी करतात : चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? कोणताही एक भाग रथ नाही, आणि सर्व भागांहून वेगळाही रथ नाही. भाग एकत्र आल्यावर व्यवहारासाठी वापरलेला शब्द म्हणजे 'रथ'. तसेच 'नागसेन'. बाबासाहेबांनी औरंगाबादला उभारलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव मिळाले आणि त्या परिसराला नागसेनवन म्हणतात. नाव म्हणजे नित्य आत्मा नव्हे, हे सांगणाऱ्या भदन्ताचे नाव एका ज्ञानकेंद्राने धारण करावे, यात मोठे औचित्य आहे.

शब्द काय वगळतो?

पुढे पाचव्या-सहाव्या शतकांच्या सुमारास आचार्य दिङ्नाग यांनी 'अपोह' सिद्धान्त मांडला. 'गाय' हा शब्द गाईचे सारतत्त्व आपल्या हाती देत नाही. जे जे गाय नाही ते ते तो बाजूला सारतो. अर्थ म्हणजे एक प्रकारचे वगळणे.

या कसोटीवर आपल्याला लावली गेलेली नावे तपासून पाहावीत. 'अस्पृश्य' म्हणजे स्पर्श करण्यास अयोग्य. हा शब्द दोष त्या माणसाच्या अंगी चिकटवतो आणि स्पर्श नाकारणाऱ्याला चित्रातून वगळतो. 'बहिष्कृत' हे भूतकालवाचक विशेषण आहे : ज्याला बाहेर टाकले गेले तो. हा शब्द उच्चारताच प्रश्न उभा राहतो, कोणी टाकले? बाबासाहेबांनी १९२४ मध्ये 'बहिष्कृत हितकारिणी सभा' आणि १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' ही नावे निवडली, त्यामागील सामर्थ्य या व्याकरणात आहे. 'दलित' हा शब्दही असाच. भरडला गेलेला म्हटले की भरडणारा आठवतोच. १९७२ मध्ये दलित पँथरने तो शब्द लढ्याचे निशाण केला.

'हरिजन' हा शब्द मात्र वेगळ्या जातीचा. गांधीजींनी तो सद्भावनेने रूढ केला. त्याच नावाचे साप्ताहिक १९३३ मध्ये पुण्यातून सुरू झाले. परंतु अन्याय, अन्याय करणारा आणि प्रतिकार या तिन्ही गोष्टी हा गोड शब्द वगळतो. ज्यांना नाव द्यायचे त्यांना विचारलेही गेले नाही. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत कायद्याच्या मसुद्यात हा शब्द घालण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा बाबासाहेब आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांनी विरोध करून सभात्याग केला. अस्पृश्य हे हरीचे जन, तर बाकीचे कोणाचे, हा साधा प्रश्न अपोह सिद्धान्ताचेच उपयोजन नव्हे काय?

अर्थ वापरात असतो

लुडविग विट्गेनस्टाइन यांचा १९५३ मध्ये, मरणोत्तर प्रसिद्ध झालेला ग्रंथ सांगतो की शब्दाचा अर्थ कोशात शोधण्याऐवजी त्याच्या वापरात शोधावा. 'जयभीम' हा शब्द घ्या. कामठीचे बाबू हरदास यांनी हे अभिवादन रूढ केले असे मानले जाते. 'भीम' शब्दाचा कोशातील अर्थ आहे भयंकर. पण दोन अनोळखी माणसे रेल्वेच्या डब्यात एकमेकांना जयभीम म्हणतात, तेव्हा त्यांना तो अर्थ अभिप्रेत नसतो. ती एक ओळख असते, एक आधार असतो, आणि मान ताठ ठेवण्याची प्रतिज्ञा असते.

बाबासाहेबांना या गोष्टीची तीव्र जाणीव होती. त्यांच्या वृत्तपत्रांची नावे क्रमाने वाचा : मूकनायक (१९२०), बहिष्कृत भारत (१९२७), समता (१९२८), जनता (१९३०), प्रबुद्ध भारत (१९५६). मुक्यांपासून प्रबुद्धांपर्यंतचा हा प्रवास केवळ नावांत वाचता येतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ते 'रिलिजन' या शब्दाला निश्चित अर्थच नाही, काळानुसार तो बदलत गेला, हे दाखवतात आणि मगच 'धम्म' वेगळा का, ते सांगतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला स्वीकारलेले 'बौद्ध' हे नाव अन्यायाचे वर्णन करीत नाही आणि दयाही मागत नाही. आपण काय स्वीकारले आहे, ते सांगते. त्यानंतर घराघरांत गौतम, सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता, संघमित्रा, प्रज्ञा, करुणा ही नावे आली. शूद्राचे नाव कसे असावे, या जुन्या नियमाला दिलेले हे उत्तर होते.

पण येथेच एक अप्रिय सत्यही सांगितले पाहिजे. वापरामुळे जसा अर्थ उजळतो, तसा तो मळतोही. 'मिलिंद' किंवा 'संघमित्रा' हे नाव ऐकून 'आडनाव काय?' असे विचारणारे आजही भेटतात, आणि उत्तर ऐकून ज्यांच्या चेहऱ्यावरचा भाव बदलतो तेही भेटतात. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय स्वागतार्हच आहे. पण बदलायच्या नावांच्या उदाहरणांत 'महारवाडा'बरोबर 'बौद्धवाडा'ही होता. म्हणजे स्वाभिमानाने घेतलेले नावही, वेशीबाहेरची वस्ती तेथेच राहिली तर, जातीचे नाव होऊन बसते. पाटी बदलली आणि पाणवठा, रस्ता, वागणूक बदलली नाही, तर जुना अर्थ नव्या नावात मुक्कामाला येतो. नाव बदलणे हे अर्धे काम. उरलेले अर्धे त्या नावाच्या वापरात करावे लागते.

आता नामांतराच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. नाव निव्वळ खूण असते तर घरे जाळणाऱ्यांनाही ती जाळण्याचे कारण नव्हते. नाव नाकारणाऱ्यांनीही नावाचा अर्थ ओळखला होता. विद्यापीठाचे नाव प्रत्येक पदवीपत्रावर उमटते. कोणत्याही जातीच्या पदवीधराला आपली ओळख सांगताना ते उच्चारावे लागते. ज्यांच्या आजोबांना पूर्ण नावाने हाक मिळत नव्हती, त्यांच्या मुक्तिदात्याचे पूर्ण नाव सर्वांच्या मुखी येणार होते. लढा या वापरासाठी होता.

विद्यार्थ्यांनो, तुमचे नाव तुमच्या जन्मानंतर दुसऱ्यांनी ठेवले. त्यात कोणताही अर्थ जन्मतः नव्हता; तथागतांच्या शब्दांचा आशय घेऊन सांगायचे, तर ती एक संज्ञा होती. शाळेच्या रजिस्टरात ते आता लिहिले गेले आहे आणि साखळी सुरू झाली आहे. पुढे ते नाव उच्चारताच लोकांना काय आठवावे, हे तुमच्या कृतीवर अवलंबून राहील. तूर्त एक सोपे काम आजपासून करता येईल : वसतिगृहात कोणाचेही नाव तोडू नका. पाणी भरणाऱ्या मावशींना, रात्री फाटकाशी बसणाऱ्या काकांना, नव्याने आलेल्या बुजऱ्या मुलाला, प्रत्येकाला पूर्ण नावाने आणि मानाने हाक मारा.

जयभीम! नमो बुद्धाय!